मागच्या भिंतीपासून तीन हात

दि. ७ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी कायमचं भांडण केल्यापासून मला पत्रं लिहायची चांगलीच सवय झाली आहे. बारीकसारीक सगळं लिहिते, म्हणजे उलट टपाली चौकशीचं पत्र येणार नाही. अर्थात ते तरीही येणारच, हे मी धरून चालले आहे.

घर शोधायला लागून सहा रविवार झाले. पहिल्या घराची खिडकी उघडली, तर समोरच्या बाईला जागेवरून न हलता माझ्या हातात मिठाची बरणी देता आली असती. दुसऱ्या घरात दलाल सबंध वेळ न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभा होता. आमच्या चष्मेवाल्यांनी (तुमच्या जावयांना मी हल्ली त्यांच्या दुकानावरून असंच म्हणते) त्याला प्यायला पाणी आणायला पाठवलं आणि दार उघडलं. मागे न्हाणीघर नव्हतंच, नुसतं दार होतं. तिसरं घर अजून बांधायचंच होतं. तिथल्या माणसाने हवेत हात फिरवून आम्हाला स्वयंपाकघर, माळा आणि बैठकीची खोली दाखवली, आणि खरं सांगते, सगळ्यांत ऐसपैस तेच घर वाटलं.

पण हे हसण्यावारी न्यायचे दिवस आता राहिले नाहीत. आमच्या भाड्याच्या खोलीचा करार दोन माणसांचा आहे, तिसरं आलं की खोली सोडायची. परवा कारखान्यातल्या मैत्रिणीचं बाळ दहा मिनिटं माझ्या मांडीवर होतं, तर घरमालक संध्याकाळी येऊन पाहुणे राहणार आहेत का, असं विचारून गेले. आधी घर, मग मूल, असं म्हणत आम्ही सहा वर्षं काढली. मला तेहतीस पूर्ण झाली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पेन खाली ठेवलं आणि आता आणखी लांबवू नका म्हणाल्या. बाबा, मला मूल हवं आहे. वडिलांना असं लिहिताना संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही.

आता मुद्द्याचं. शहराच्या टोकाला एका जुन्या वसाहतीत घर मिळतं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडी मोकळी जागा, आणि किंमत आम्हाला झेपेल अशी. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या भागात एवढ्या पैशात कोणी नुसता जिनाही देणार नाही. मालकीण निवृत्त नर्सबाई आहेत, एकट्याच राहतात, मुलगा आणि मुलगी परगावी असतात. मध्ये दलाल नाही. बाईंनी चहा दिला, घर दाखवलं, पण आतल्या खोलीला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणाल्या, आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेलाच होता. निघताना त्यांनी विचारलं की मूल झालं तर त्याला कुठे झोपवाल. अजून नसलेल्या मुलाची एवढी चौकशी कशाला?

तुम्हाला माहीत आहे, मी कारखान्यात दिवसाला तीनशे सदरे उलटे करून शिवण तपासते. वरून सरळ दिसणाऱ्या कपड्यावर माझा विश्वास नाही. घर मात्र उलटं करून बघता येत नाही. माझ्या जन्माआधी तुम्ही याच शहरात गवंडीकाम करत होता, तेव्हा काय काय तपासू ते कळवा. तसंही इथला पेपर तुम्ही तिकडे टपालाने मागवून एक दिवस शिळा वाचता, शहराची खबर माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त असते.

आईला सा. न. लोभ आहे तसाच ठेवा, आणि तुमच्या जवळचा थोडा संशय मला उसना द्या.

तुमची,
भिंगरी


दि. १२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचले. न्हाणीघराचे दार जावयांनी बरोबर ओळखले, त्यांना शाबासकी सांगणे. दलालाची पाठ जिथे टेकते तिथे आधी बघावे.

आता तपासायचे ते लिहितो. रंग नवा आहे का बघ. घरभर नवा असेल तर ठीक. एकाच भिंतीला नवा असेल तर त्या भिंतीला काय झाले होते ते विचार. जमिनीवर तांब्याभर पाणी ओत आणि ते कुठे पळते ते बघ. शिवणीच्या दोऱ्याला जड किल्ली बांधून भिंतीशी सोड, हा तुझा ओळंबा. वर आणि खाली अंतर सारखे भरले पाहिजे. बोटाच्या सांध्याने भिंत वाजव. भरीव भिंत आवाज देत नाही, पोकळ असेल तर डबा वाजल्यासारखी वाजते. शेजाऱ्यांना घराबद्दल विचारू नको, पाण्याबद्दल विचार. पाण्याबद्दल माणूस खरे बोलतो, आणि बोलता बोलता घराबद्दलही बोलून जातो. चहा देणाऱ्या मालकिणीपासून जपून राहा. किल्ली कमरेला असून सापडत नसेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे, एवढे नक्की.

जुनी वसाहत म्हणजे कोणती ते तू लिहिले नाहीस. शहराच्या टोकाला अशा तीन आहेत. घाई नाही, पण लगेच कळव.

मुलाबद्दल लिहिलेस ते वाचले. संकोच करायचे काही कारण नाही.

जावयांस आशीर्वाद. माया आहेच, ती काही पत्रात लिहून वाढत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. (आईचा) : घाई नाही पण लगेच कळव, हे वाचलंस ना? तुझं पत्र चार वेळा वाचून झालं त्यांचं. विचारलं तर म्हणतात अक्षर लागत नाही. तुझं अक्षर न लागायला काय झालंय? तुझ्या तब्येतीला जप, आणि त्या नर्सबाईंना उगाच चोर ठरवू नकोस. एकटी बाई आहे, लोकांवर तिचाही विश्वास नसेल.


दि. १८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे सगळी तपासणी केली. तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा नर्सबाईंनी भुवया उंचावल्या, पण फडकं आणून दिलं. दोरा आणि किल्लीही सोडली. चष्मेवाले एक डोळा मिटून इतक्या गंभीरपणे बघत होते की मला हसू आवरेना. ओळंबा सगळीकडे सरळ आला.

पण बाबा, माझं मन स्वस्थ नाही. या वेळी आतली खोली उघडली. आत काय असेल म्हणून मी जीव मुठीत धरून होते, तर काहीच नव्हतं. म्हणजे खरोखर काहीच नाही. दोन ट्रंका आणि एक लोखंडी खाट, आणि त्या तिन्ही वस्तू पुढच्या भिंतीला खेटून ठेवलेल्या. मागच्या भिंतीजवळ एक सुई नाही. जमिनीवर तर रेघच दिसते, तिच्या अलीकडे फरशी पायांनी गुळगुळीत झाली आहे आणि पलीकडे नव्यासारखी खरखरीत. इतक्या वर्षांत त्या बाजूला कोणी पाऊल टाकलेलं दिसत नाही. मी मुद्दाम पलीकडे गेले आणि भिंत वाजवली. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरक्या पट्ट्यात ती डब्यासारखी वाजते. वर एक बारीकही तडा नाही. गिलावा इतका सफाईदार आहे की बोट घसरावं. नर्सबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, आणि मलाही बाहेर या म्हणाल्या.

शेजाऱ्यांना पाण्याबद्दल विचारलं. पाणी चांगलं येतं म्हणाले, आणि पुढे गप्प. एका आजोबांनी एवढंच सांगितलं की हे घर बघायला आलेले आम्ही नववे. आधीचे आठ घर घ्यायचं म्हणता म्हणता परत फिरले. का, याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. चष्मेवाल्यांना मात्र घर फारच आवडलं आहे. मागच्या मोकळ्या जागेत कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधायची, तेसुद्धा त्यांचं ठरलं आहे. घरात संशय घ्यायचं खातं माझ्याकडेच असल्यामुळे ते निर्धास्त आहेत.

वसाहत कोणती, ते विचारलंत. पाण्याच्या टाकीमागची, चोवीस घरांची. आमचं (बघा, मी आमचं म्हणायला लागले) उताराकडचं अगदी शेवटचं. फेब्रुवारीअखेर हो की नाही सांगायचं आहे. त्यानंतर नर्सबाई घर बंद करून मुलीकडे राहायला जाणार आहेत.

लवकर लिहा. तुमच्या पत्राची वाट बघते आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुमची,
भिंगरी


दि. २३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

ते घर घेऊ नये. जागा उताराची आहे, ओल येते. उन्हाळ्यात टाकीचे पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही. पोटात मूल असताना बादल्या घेऊन सात पायऱ्या चढणे तुला जमणार नाही. बाजारही लांब.

दुसरे बघा. नाही मिळाले तर थांबा. मी सांगतो म्हणून ऐक.

जावयांस आशीर्वाद.

बाबा


दि. २४ जानेवारी

चि. भिंगरी,
अ. उ. आ.

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख नको. कालचं त्यांचं पत्र मला न दाखवता टपालपेटीत पडलं. ता. क. लिहायला जागा ठेवा म्हटलं, तर म्हणाले लिहिण्यासारखं काही नाही. एवढ्या वर्षांत माझ्या ता. क.ला कधी नाही म्हटलेलं नाही गं त्यांनी.

तुझं पत्र आल्यापासून ताटावर लक्ष नाही. माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली, थापी घासून लख्ख केली आणि परत वर ठेवून दिली. पेपर आला की आधी उभ्यानेच चाळतात, मग बसून पहिल्यापासून. हे काही आजचं नाही. आपण तुझ्या लहानपणी ते शहर सोडून इकडे आलो तेव्हापासून तो पेपर घरी येतो. मी कितीदा चिडवलं, की तिकडे कोणी ठेवलेली आहे का जिची खुशाली वाचता. हसतात, पण सांगत नाहीत. काल मी सरळ विचारलं की त्या घरात आहे काय. तर म्हणाले, ओल आहे. ओलीने माणूस असा होतो का?

तूच विचार. तुला खोटं सांगणं त्यांना जमणार नाही. मला सांगायला जमतं, कारण मी ऐकून घेते.

आशीर्वाद आहेतच. जेवत जा वेळेवर.

आई


दि. ३१ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावून लिहिते आहे, तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवते, मग मध्ये थांबावं लागणार नाही.

त्या घराला पायऱ्या आहेत असं मी तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं. दोन्ही पत्रांत काय लिहिलं ते मला आठवतं. तुमचं पत्र घेऊन मी तिथे गेले आणि मोजल्या. सातच भरल्या. ओल मात्र कुठेही नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या घरापर्यंत पाणी येत होतं, असं तीन घरांनी सांगितलं. म्हणजे जे खरं आहे ते तुम्ही चुकून लिहून गेलात आणि जे मुद्दाम लिहिलंत ते खोटं आहे. आजवर मी दलालावर, नर्सबाईंवर, शेजाऱ्यांवर, रंगावर, चहावर संशय घेतला. तुमच्यावर घ्यायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

मला आधी वाटलं, आम्ही इथलं सोडून तुमच्याकडे यावं म्हणून तुम्ही खोडा घालत आहात. हा विचार दोन दिवस मनात होता, तो लिहून टाकते. आता तो नाही, कारण परवा नर्सबाईंनी मला एक कार्ड दाखवलं.

कोणी घर घ्यायचं म्हणू लागलं की त्या हे कार्ड दाखवतात. न सांगता घर विकणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. कार्ड वाचलं की माणसं पळतात, म्हणून किंमत खाली खाली आली. त्यांना या घरात राहायला येऊन महिना झाला नव्हता, तेव्हा ते टपालाने आलं. खाली सही नाही. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीवर लक्ष ठेवावे, तिच्यापासून तीन हातांच्या आत कोणाला झोपवू नये, लहान मूल तर नाहीच, एवढंच लिहिलं आहे. नर्सबाईंनी तेव्हा कंत्राटदाराला विचारलं, त्याने हसून हात झटकले. भिंत फोडून बघायचा धीर त्यांना झाला नाही. बघितलं आणि खरं निघालं तर लेकराला घेऊन जायचं कुठे, असं त्या मला म्हणाल्या. म्हणून खोलीला कुलूप लागलं, ते तेहतीस वर्षं, ट्रंकांतलं काही लागलं तरच उघडायचं.

बाबा, माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर ज्या अक्षरात नाव घातलेलं होतं, त्याच अक्षरात ते कार्ड आहे. मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही. चष्मेवाल्यांनाही सांगितलं नाही. ते दोरीसाठी खुंट्या घेऊन आले आहेत आणि मी त्यांच्याशी खोटं हसते आहे.

मला ओल नको, बाजार नको. काय झालं होतं ते लिहा.

तुमची,
भिंगरी


दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

हे पत्र मी तुझ्या आईला आधी वाचून दाखवले. मग पाकिटात घातले.

ती चोवीस घरे बांधली तेव्हा मी तिथे गवंडी होतो. शेवटचे घर भरावाच्या मातीवर आले. गिलावा झाल्यावर आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा गेला. आधी केसाएवढा होता, मग त्यात खिळ्याचे टोक जाऊ लागले. अशा वेळी आम्ही तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने घट्ट बसवतो. भिंत हलत असेल तर काच तडकते. दोन-तीन महिने काच शाबूत राहिली तर भिंत जागेवर बसली असे समजायचे. मी तीन पट्ट्या बसवल्या. काच कापायच्या हिऱ्याने मधल्या पट्टीवर तारीख कोरली.

चौथ्या दिवशी कंत्राटदार आला. घरे पुढच्या आठवड्यात ताब्यात द्यायची होती. त्याने सांगितले, यावर तारेची जाळी मार आणि गिलावा कर. मी म्हणालो, दोन महिने थांबू. तो म्हणाला, थांबायचे असेल तर घरी थांब, गवंडी पुष्कळ आहेत. तुझ्या आईला सातवा महिना होता. आम्ही तेव्हा बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. काम गेले की खोली जाणार होती. मी काचेवरच जाळी मारली आणि गिलावा केला. तो सफाईदार झाला आहे असे तू लिहिलेस. होणारच. तेवढ्या जपून मी आयुष्यात दुसरा गिलावा केला नाही. तिथे भिंत पोकळ वाजते ती काच आणि जाळीमुळे, आणि काच फुटली की राहिली ते मला आजपर्यंत माहीत नाही.

लोक राहायला आले तेव्हा मी पुढच्या रस्त्यावर काम करत होतो. त्या बाई कडेवर मूल घेऊन सात पायऱ्या चढल्या, मागून त्यांच्या यजमानांनी पाळणा चढवला. मी कार्ड लिहिले. सही केली असती तर काम गेले असते. तू तेव्हा तीन आठवड्यांची होतीस. पुढे वर्षभरात मी ते शहर सोडले आणि घरे बांधणे सोडले. इथे फरशीच्या दुकानात उभा राहिलो, ते तुला माहीत आहे. पेपर कशासाठी येतो तेही आता कळले असेल. रोज बघतो, भिंत पडल्याची बातमी आहे का. एक दिवस उशिरा येतो, म्हणून रोज वाटते की काल काही झाले असेल आणि मला माहीत नाही.

मी दुसऱ्यांच्या भिंती वाजवत फिरलो, ही एक तेवढी वाजवायला गेलो नाही. नाव लिहायची हिंमत नव्हती तर कार्ड लिहायला नको होते, आणि कार्ड लिहिले तर नाव लिहायला हवे होते. मी अर्धेच केले.

तुझे घर माझ्यामुळे जात असेल तर ते तू मला सांग. त्या बाईंनाही सांग की अक्षर कोणाचे आहे. भिंत फोडून बघा. एक चांगला इंजिनिअरही बोलवा. जुन्या गवंड्याच्या शब्दावर घर घेऊ नका.

तुझा,
बाबा

ता. क. (आईचा) : मला आजच कळलं. रागावले आहे, पण जेवायला वाढलं आहे.


दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी चष्मेवाल्यांना सांगितलं. ते थोडा वेळ खुंट्या हातात घेऊन बसले आणि मग म्हणाले की बाबांनी निदान कार्ड तरी लिहिलं. मला त्या क्षणी ते फार आवडले.

मग दोघं नर्सबाईंकडे गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं, तुमचं पत्रही वाचायला दिलं. चहाचं पाणी उकळून उकळून आटेपर्यंत त्या पत्रच वाचत होत्या. शेवटी भांडं उतरवलं आणि म्हणाल्या की गवंडी बोलवा, मलाही जाण्याआधी बघायचं आहे.

रविवारी गवंडी आला, आणि नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक इंजिनिअरही. खिडकीखाली गिलावा काढला. जाळी निघाली. पहिली काच दिसली ती शाबूत. फडक्याने पुसली तर तिच्यात खिडकीचा उजेड दिसला. मधलीही शाबूत, आणि तिच्यावर तारीख. बाबा, माझ्या जन्माच्या दोन महिने आधीची. मला रडू आलं. तेवढ्यात तिसरी काच निघाली, आणि ती दोन तुकडे झालेली होती.

गवंड्याने छिन्नी खाली ठेवली. नर्सबाई उंबऱ्यात होत्या, त्यांनी चौकट घट्ट धरली. मी तिथेच खाली बसले. मनात म्हटलं, संपलं, आता घर नाही आणि दुसरंही काही नाही. चष्मेवाले मात्र पुढे झाले. खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि दुकानात बघतात तसे ते तुकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना एकेक करून दाखवलं. तुटलेली कड पांढरी स्वच्छ, धारदार होती. तिच्यात सिमेंटचा कण नाही, धूळ नाही. एका टोकाला छिन्नीचा टवका होता. तेहतीस वर्षांपूर्वी तुटलेल्या काचेची कड अशी राहत नाही, हा तुकडा पाच मिनिटांपूर्वी तुटला आहे, असं ते म्हणाले. दिवसभर काचाच कापणारा माणूस, त्याला कोण खोटं पाडणार? इंजिनिअरांनीही भिंग घेऊन पाहिलं. मग बाहेर जाऊन पाया उकरून बघितला. भराव पहिल्या काही दिवसांतच बसला आणि त्यानंतर भिंत हललेली नाही, असं त्यांनी लिहून दिलं आहे.

भिंत कधीच पडणार नव्हती, बाबा.

नर्सबाई रेघ ओलांडून पलीकडे आल्या आणि भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी कमी न करता लिहिते आहे, कारण तुम्हाला तसंच कळवा असं त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा बाहेरच्या खोलीत टेबलाखाली झोपून मोठा झाला. मुलीने सगळा अभ्यास स्वयंपाकघरात केला. यजमान शेवटच्या आजारात सहा महिने बोळात खाट टाकून होते, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायचा. ही खोली चार पावलांवर रिकामी होती. भिंत पडली असती तर एकदाच पडली असती, असं त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घरी आल्यावर मला वाटलं, भिंत चांगली निघाली म्हणजे किंमत वाढणार. पुढचे चार दिवस मी कारखान्यात चुकीच्या शिवणी पास करत होते. काल त्यांचा निरोप आला. किंमत तीच. अटी दोन. ज्याने भिंत बुजवली त्यानेच येऊन ती बंद करायची, त्या समोर खुर्ची टाकून बघणार आहेत. आणि त्या कार्डाच्या खाली आपलं नाव घालायचं.

माफ केलं का, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. याल ना?

वाट बघते.

तुमची,
भिंगरी


दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचले. दोनदा वाचले. बोळातल्या खाटेचे तिसऱ्यांदा वाचले.

सत्तावीस तारखेला सकाळच्या गाडीने निघतो. तुझी आईही येते आहे. थापी, गिलाव्याचा रंधा आणि ओळंबा बरोबर आणतो. सिमेंट तिथेच घ्या, पण पोत्यावरची तारीख बघून घ्या, दुकानदार जुने देतात.

त्या बाईंच्या दोन्ही अटी मान्य आहेत असे कळव. मी माफी मागेन. त्यांनी ती द्यावी असे मी धरून चाललेलो नाही. बाहेर काढतील तेव्हाच उठेन.

माझे एक मागणे आहे, घर तुमचे असल्याने तुम्हाला विचारतो. मधली काच मी झाकणार नाही. तिच्याभोवती वीतभर चौकट सोडून बाकीचा गिलावा करीन. तुमचे मूल झाले की त्याची झोपायची जागा त्याच भिंतीशी करा. काच रोज दिसत राहील. मुलाला बोलता आले की ती काय आहे ते मी त्याला सांगेन, आणि कोणी बसवली तेही.

जावयांना सांग, भिंग बघायला आणून ठेवा.

तुझा,
बाबा

ता. क. (आईचा) : सकाळपासून पाठकोऱ्या कागदांवर नाव लिहून बघताहेत, जसं काही कधी सही केलीच नाही. मी एकही शब्द बोललेले नाही, गाडीत बोलेन. आणि हो, आजचा पेपर दुपारपर्यंत घडीतच पडून होता. शेवटी मीच तो उलगडला आणि थापी त्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.